पळस हाऊसच्या पाळीचं पाणी

आजच्या या निरोप समारंभाचे आणि आपल्या शिक्षण संस्थेचेही अध्यक्ष, माननीय छोटेलालजी टेंभरे साहेब. मंचावर विराजमान मुख्याध्यापक महोदय आणि संस्थेचे सर्व सन्माननीय सदस्य. ज्यांच्यासाठी आपण एप्रिलच्या भर दुपारी या पत्र्याच्या सभागृहात घामाघूम होऊन बसलो आहोत, ते आमचे आदरणीय इंद्रकुमार बिसेन सर आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू. यंदापासून आपल्याच शाळेत गणित शिकवणाऱ्या आणि आज सूत्रसंचालन करणाऱ्या दुर्गेश्वरी रहांगडाले मॅडम. समोर बसलेले गुरुजन, गावकरी, माय-बहिणी. आणि सतरंजीवर आपापल्या हाऊसच्या रांगा धरून बसलेल्या माझ्या छोट्या दोस्तांनो, सर्वांना हिमांशु लंजेचा नमस्कार.

दुर्गेश्वरी मॅडम म्हणताना जीभ थोडी अडखळली, ते तुम्ही ऐकलंच असेल. पाचवीपासून दहावीपर्यंत मी त्यांना 'ए दुर्गे' म्हणत होतो आणि त्या मला 'हिमांश्या'. पण मंचाची रीत असते. मी पाळतो.

मला माजी विद्यार्थ्यांच्या वतीनं तीन मिनिटं दिली आहेत. चिठ्ठीवर लिहून आलंय, 'सरांच्या दोन गोड आठवणी, नंतर शुभेच्छा.' आठवणी सांगतो. पण मला राग आलेला आहे, तेही आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी म्हणू नये की पोरगा बोलता बोलता घसरला. मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला माणूस. नागझिऱ्याच्या गेटवर गाईड आहे. तिथं पाहुण्यांना वाघ दिसला नाही, तर त्यांच्या शिव्या ऐकून हसावं लागतं. इथं माझ्याच्यानं तेवढं होणार नाही.

राग कशाचा? सरांच्या खांद्यावर आत्ताच शाल पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आणि त्याच वेळी या खिडकीतून दोन ट्रॉली मुरूम दिसून राहिला होता. सरांनी पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः कुदळ घेऊन पाडलेल्या चार बांध्यांच्या कडेला तो पडलाय. सोमवारी पसरवणार, वर शेड येणार. ज्या हातांनी शाल घातली, त्याच हातांनी त्या ठरावावर सही केली आहे. अध्यक्ष महोदय, मी नाव घेत नाही. नाव घ्यायची गरजच कुठे आहे?

हो जी, साहेब म्हणून राहिले, "बेटा, मुद्दे पे आओ." मुद्द्यावरच आहो जी.

गोंदियाहून जे पाहुणे आले आहेत, त्यांना या बांध्या म्हणजे काय ते ठाऊक नसेल. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. आमच्या शाळेत चार हाऊस आहेत: मोह, ऐन, पळस आणि तेंदू. मोठ्या शाळांतही हाऊस असतात म्हणे, टाय वेगळ्या रंगाचा, धावण्याची शर्यत, कप, झालं. बिसेन सरांनी आम्हाला टाय दिला नाही. प्रत्येक हाऊसला एक बांधी दिली. पाचवीच्या पहिल्या दिवशी सर धानानं भरलेली पायली घेऊन वर्गात येतात. धानात हात घालायचा आणि लाकडी मणी काढायचा. ज्या रंगाचा मणी, त्या हाऊसचा तू. भाऊ-भाऊ एका हाऊसमध्ये आले तर पुन्हा हात घालायचा. एकाच टोल्याचे, म्हणजे एकाच वस्तीचे, चारपेक्षा जास्त झाले, तरी पुन्हा हात घालायचा.

तेव्हा आम्हाला वाटायचं, सर उगाच त्रास देऊन राहिले. आता समजतं. आमच्या कोहळी समाजाचे पोरं एका कोपऱ्यात बसायचे, पोवारांचे दुसऱ्या, गोंडटोल्याचे दाराजवळ. कोणी भांडत नव्हतं, पण कोणी कोणाचा डबाही उघडत नव्हतं. मणी निघाला की सहा वर्षं सोबत चिखलात उतरावं लागायचं. चिखलात बसायला कोपरा नसतो.

आणि आमच्या स्पर्धेचं बक्षीस काय होतं, सांगू? ज्या हाऊसचं धान सगळ्यांत चांगलं, त्यांनी डिसेंबरात नव्या तांदळाचा भात रांधायचा आणि बाकी तिन्ही हाऊसला पंगतीत वाढायचं. हरलेल्यांनी आधी जेवायचं, जिंकलेल्यांनी मागून. बाहेरचा माणूस म्हणेल, हे बक्षीस आहे की शिक्षा? पण त्या दिवशी भाताची बादली हातात धरण्यासाठी आम्ही वर्षभर मरत होतो. या सतरंजीवरच्या कोणत्याही पोराला विचारा.

अजून एक नियम. हाऊसमधलं कोणी दोन दिवस शाळेत आलं नाही, तर तिसऱ्या दिवशी कॅप्टननं आणि आणखी एकानं त्याच्या घरी जायचं. सहावीत मी गणिताच्या भीतीनं पोटदुखीचं सोंग केलं होतं. तिसऱ्या दिवशी आमचा कॅप्टन दारात उभा. सोबत भुपेंद्र. भुपेंद्र खाटेजवळ आला, माझं पोट दाबलं आणि म्हणाला, "पोट तं नरम हाये बे. गणित दुखून राहिलं का?" दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या बाकावर. मी गणितात पास झालो तो त्याच्यामुळे. तोच भुपेंद्र आज मागच्या दाराजवळ उभा आहे. तो मुरूम त्याच्याच ट्रॅक्टरनं आणलाय. संस्थेनं बोलावलं, तो आला. त्याच्यावर माझा राग नाही. थांब भुप्या, जाऊ नको. तुझं काम आहे पुढं.

मग मी गोंदियाला कॉलेजात गेलो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी सलग बेचाळीस दिवस गेलो नाही. कोणी आलं असेल का घरी? मोबाईलवर एक मेसेज आला की तुमची उपस्थिती कमी आहे. मेसेजमध्ये माझं नावही नव्हतं, नंबर होता. गावात म्हणतात, लंज्याच्या पोरानं पोरीपाई शिकणं सोडलं. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आज सांगायला उभा आहे.

पंधरा दिवसांपूर्वी शाळेच्या ग्रुपवर नोटीस आली. मी गेटवर जिप्सीची वाट पाहत होतो. नोटीस अशी: येत्या जूनपासून हाऊस पद्धत बंद. मुलांना मार्कांप्रमाणे स्टार बॅच आणि रेग्युलर बॅचमध्ये बसवण्यात येईल. बांध्यांच्या जागी शेड उभारण्यात येईल. आणि कारण? मी पाठच करून आलो आहे. 'सात वर्षांपूर्वी पाण्यावरून दोन हाऊसमध्ये झालेली हाणामारी लक्षात घेता, या पद्धतीमुळे विद्यार्थ्यांत वैमनस्य निर्माण होते, असे संस्थेचे मत आहे.'

वाचून मी असा ओरडलो की जिप्सीतल्या नागपूरच्या बाई म्हणाल्या, "कुठंय, कुठंय?" त्यांना वाटलं, वाघ दिसला.

ती हाणामारी का झाली, ते मागच्या आठवड्यापर्यंत या सभागृहातल्या एकाच माणसाला पूर्ण ठाऊक होतं. तो मी.

मॅडम, 'वेळ संपली'ची चिठ्ठी मिळाली. वाचली. खिशात ठेवतो.

आम्ही दहावीत होतो. मी पळसचा कॅप्टन, भुपेंद्र उपकॅप्टन. दुर्गेश्वरी तेंदूची कॅप्टन. त्या वर्षी धान निसवायला आलं आणि पावसानं तोंड फिरवलं. लोंबी बाहेर यायच्या वेळेला बांधीत पाणी नसलं, तर दाणा भरत नाही, पोचट राहतो. गावच्या तलावाचं पाणी शाळेला आठवड्यातून चार दिवस मिळायचं, एका हाऊसला एक दिवस. शनिवारची पाळी पळसची. आणि सगळ्यांना ठाऊक होतं की तलावात आता शेवटच्याच पाळ्या उरल्या आहेत. तेंदूची पाळी मंगळवारी होती, पण त्या मंगळवारी वरचा नाला फुटला आणि त्यांना पाणी मिळालंच नाही.

शुक्रवारी नळावर दुर्गेश्वरी भेटली. म्हणाली, "हिमांश्या, आमची बांधी पाहून आलास का? तडे पडून राहिले ना बाप्पा."

मी म्हणालो, "मंग मी का करू? पाणी का माझ्या खिशात हाये?"

"तुझा बाप पाणकर हाये ना. त्याले सांग, थोडा पाऊस बी वाटून दे म्हणावं."

तिच्या सगळ्या मैत्रिणी खिदळल्या. मग तिनं तोंड धुतलं आणि कोणाला न सांगितल्यासारखं म्हणाली, "सहा वर्सात एक डाव तं आमाले वाढायले भेटाले पायजे होतं."

एवढंच. तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मॅडमना आजपर्यंत यातलं काही माहीत नाही. हे सगळ्यांनी नीट ऐकून ठेवा.

शनिवारी मधल्या सुट्टीत पोरं डबे खाऊन राहिले होते. मी बांधीवर गेलो. पळसच्या बांधीचं तोंड बंद केलं, चिखल आणि गवत घालून. तेंदूच्या बांधीचं तोंड उघडलं. नाल्याचं पाणी वळलं. दहा मिनिटांचं काम. काऊन केलं? सभागृहातल्या निम्म्या लोकांना कारण ठाऊक आहे. उरलेल्यांनी घरी गेल्यावर विचारून घ्यावं.

मला वाटलं होतं, एक पाळी गेली तर पळसचं धान थोडं कमी होईल, तेवढंच. मी पाणकराचा पोरगा. मला पाणी समजतं असा माझा तोरा होता. सोमवारी येऊन पाहतो, तर पळसची बांधी कोरडीठाक, लोंब्या पांढऱ्या पडायला लागलेल्या. शेजारी तेंदूच्या बांधीत घोट्याएवढं पाणी चमकून राहिलं होतं. आमच्या पाचवीच्या पोरी बांधावर बसून रडत होत्या. त्यांनी त्या धानाच्या रोपांना नावं ठेवली होती हो.

भुपेंद्रनं पाहिलं आणि तो तापला. "चोट्टे हो तुमी! तेंदूवाले सारे चोट्टे!"

"आमी नाही केलं बे."

"मंग पाणी का पायानं चालत आलं?"

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ढेकळं, मग दगड, मग काठ्या. भुपेंद्रचा हात मोडला. तेंदूच्या एका पोराला कपाळावर चार टाके पडले. आणि मी काय करत होतो? मी मध्ये पडून सोडवत होतो. शाबासकी मिळाली मला त्याची. दोस्तांनो, त्याच्याएवढी लाजिरवाणी शाबासकी कोणाला मिळू नये.

बिसेन सरांनी सगळ्यांना मैदानात उभं केलं. विचारलं, "पाणी कोणी वळवलं?" माझा हात हलला होता, सर. शपथेवर सांगतो, खांद्यापर्यंत हलला होता. पण समोर पळसच्या पोरी होत्या, भुपेंद्रच्या हाताला फळी बांधलेली होती, आणि डोळ्यांसमोर माझे बाबा आले. गावाचं पाणी वाटणाऱ्या माणसाच्या पोरानं दुसऱ्याचं पाणी वळवलं, हे उद्या तलावाच्या काठावर कोण विसरलं असतं? मी हात खाली घेतला.

आणि दुर्गेश्वरी उभी राहिली. म्हणाली, "कोणी केलं मले ठाऊक नाही सर. पण पाणी आमच्या बांधीत हाये आन् कॅप्टन मी आहो."

तिचा बिल्ला काढला. तेंदू स्पर्धेतून बाद. दहावीचं उरलेलं अख्खं वर्ष तिला पाणीचोर म्हणत राहिले. नंतर कॉलेजातही ती माझ्याच बसमध्ये असायची, दोन बाक पुढे. एकदा कँटीनमध्ये आपल्याच शाळेच्या एकानं तिला त्या नावानं हाक मारली. मी त्याचं थोबाड फोडलं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुले कायले एवढा राग येऊन राहिला? तू तं पळसचा." या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते घेऊन मी कँटीनबाहेर निघून आलो. दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढलो नाही. त्यानंतर चढलोच नाही. शिकणं असं सुटलं.

मागच्या आठवड्यात मी सरांच्या घरी गेलो, नोटीस घेऊन. सगळं सांगितलं. सर आरामखुर्चीत बसून होते. म्हणाले, "बांधीचं तोंड आतून लिंपलं होतं. गवत घालून, हातानं दाबून, बांधाला इजा होऊ नये असं. चोर एवढ्या निगुतीनं बंद करत नाही. पळसच्याच कोणाचं तरी काम आहे, हे मला त्याच दिवशी कळलं होतं."

मी म्हणालो, "मग सर, तिचा बिल्ला काऊन काढला?"

"ती उभी राहिली. मला वाटलं, ती उभी राहिलेली पाहून करणारा दहा मिनिटांत उभा राहील. मी वाट पाहिली."

"किती वेळ?"

सर म्हणाले, "अजून पाहून राहिलो."

सर, तुमचा आज सत्कार आहे. सत्काराच्या दिवशी असं बोलू नये. पण तुम्हीच शिकवलंत की बांधीत उतरल्यावर पाय स्वच्छ ठेवता येत नाहीत. त्या दिवशी तुम्हीही चुकलात, सर. माझी लाज जागी व्हावी म्हणून तुम्ही एका पोरीचा बिल्ला पणाला लावला. माझी लाज सात वर्षं झोपून राहिली, आणि किंमत तिनं दिली. तुमच्या हाऊसमध्ये मी जे काही शिकलो, ते सगळं वापरून हे बोलतो आहे. रागावू नका.

आणि माझे बाबा, दुधराम लंजे. मागच्या रांगेत, खांबाला टेकून बसलेत. त्यांना आज सकाळी सांगितलं. चहा पिऊन राहिले होते.

"कवाची गोष्ट?"

"दहावीतली."

"कोणाच्या पाळीचं पाणी?"

"आपल्याच. पळसच्या."

"आपलं कसं? तुझ्या एकट्याचं होतं का ते?" कप खाली ठेवला. "तीस वर्सं झाले मी पाणी वाटून राहिलो. माह्या वावराले सगळ्यायच्या मागून पाणी देतो. तुले मालूम हाये."

"मालूम हाये बाबा."

"तं मंग मले कायले सांगून राहिला? ज्यायचं पाणी होतं त्यायले सांग. मी बी येतो, मागं बसन."

म्हणून सांगितलं. पळस हाऊसच्या त्या वर्षीच्या पोरा-पोरींनो, जे इथं आहात ते: तुमच्या पाळीचं पाणी मी वळवलं. तेंदू हाऊसच्या सगळ्यांनो: तुम्ही चोर नव्हता. भुपेंद्र, तुझा हात माझ्यामुळे मोडला. तू ज्याला सोडवणारा समजलास, तोच करणारा होता. बाहेर गेल्यावर तुला जे करायचं ते कर, मी हात वर करणार नाही.

अध्यक्ष महोदय, आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या ठरावात कारण लिहिलंय, हाऊस पद्धतीमुळे वैमनस्य. साहेब, त्याआधी अठरा वर्षं त्याच नाल्यातून चार बांध्यांना पाणी गेलं. चौघांनी आपापली पाळी पाळली. कुलूप नव्हतं, पहारा नव्हता. त्या अठरा वर्षांचा एकही ठराव तुमच्या रजिस्टरात नाही, कारण काही घडलं नाही. आणि जे घडलं, ते एका कॅप्टननं आपल्याच पोरांचा घात केला म्हणून घडलं. त्या कॅप्टनला शिक्षा द्यायचं सोडून तुम्ही मोहलाही शिक्षा देता, ऐनलाही देता? आणि सतरंजीवरच्या या पोरांनाही, जी तेव्हा पायली पाहण्याच्याही वयाची नव्हती? जूनमध्ये तुम्ही त्यांच्या गळ्यात स्टार आणि रेग्युलर अशी पट्टी घालाल. रेग्युलरवालं पोरगं दोन दिवस आलं नाही, तर स्टारवालं त्याच्या घरी जाईल का, साहेब? खरं सांगा. मला तरी वाटत नाही.

हा अर्ज मी लिहून आणला आहे. तारीख, वार, काय केलं, सगळं आहे. खाली सही: हिमांशु दुधराम लंजे, माजी कॅप्टन, पळस हाऊस. हा त्या नोटिशीला जोडा. शाळेच्या त्या वर्षीच्या रजिस्टरात दुर्गेश्वरी रहांगडाले यांच्या नावापुढे पाणीचोरीचं जे लिहिलंय ते खोडा आणि तिथं माझं नाव घाला. शेड बांधायचीच असेल, तर संस्था तुमची आहे, बांधा. पण कारण दुसरं शोधावं लागेल. हे कारण माझं होतं, मी ते परत न्यायला आलो आहे.

बिसेन सर, आपल्या पुढच्या आयुष्याला मनापासून शुभेच्छा. काकू, सरांना आता घरची बांधी तरी एकट्यानं करू देऊ नका, कंबर दुखते त्यांची. मला बोलायला बोलावलं त्याबद्दल संस्थेचे आभार, जरी पुढच्या वेळी बोलावणार नाहीत, हे दिसूनच राहिलं. तीन मिनिटांची पंधरा झाली, आवाज चढला, मध्ये मध्ये घरची बोली आली. सभेच्या मर्यादेत न बसणारं जे काही तोंडून गेलं, तेवढं थोरांनी पोटात घालावं. बाकी जे केलं ते पोटात घालण्यासारखं नाही, ते घालू नका.

दुर्गेश्वरी मॅडम, पुढच्या वक्त्यांचं नाव तुमच्या कागदावर आहे. पण त्यांच्या आधी तुम्हाला काही बोलायचं असेल, तर बोला. सात वर्षांपूर्वी मैदानात तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. मला शिवी द्यायची असली तरी चालेल, माईक चालू आहे. मी खाली, सतरंजीवर बसतो.

धन्यवाद.